मेज मध्यभागी आणा

मराठी मंडळ्यांचे पाळक, पंच, उपासना समित्यांचे सभासद आणि गायनवृंदांचे पुढारी यांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

आपल्या मंडळ्यांच्या बैठकांत उपासनेचा विषय निघाला की चर्चा लगेच संगीतावर येते. तरुण मुले येत नाहीत, म्हणून कीबोर्ड घ्या. आली तर टिकत नाहीत, म्हणून ड्रम्स घ्या, हिंदी-इंग्रजी गीते घ्या, पडद्यावर शब्द दाखवा. दुसऱ्या बाजूला वडीलधारी मंडळी सांगतात, 'उपासना-संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली पदे पेटी-तबल्यावर चालली होती तेच बरे होते. दोघांचीही कळकळ खरी आहे. पण दोघांनीही एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, ती अशी की रविवारची उपासना म्हणजे गीते आणि संदेश, आणि प्रश्न उरतो तो गीते कोणती एवढाच. मला ही समजूतच चुकीची वाटते. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

पहिल्या चार शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी रविवारी एकत्र येऊन काय केले, याच्या काही नोंदी आपल्यापर्यंत पोचल्या आहेत. त्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. त्या उपासनेत प्रत्येकाला काही ना काही करायचे होते. कोणी भाकर आणत होते, कोणी वाचत होते, सगळे उभे राहून प्रार्थना करत होते, एकमेकांना शांती देत होते, मोठ्याने आमेन म्हणत होते, एका मेजावरून खात होते आणि जाताना गरिबाचा वाटा मागे ठेवत होते. आज हे सारे काम पुढे उभ्या असलेल्या पाच-सात जणांकडे गेले आहे, आणि उरलेले आम्ही बाकांवर बसून पाहतो. जुनी पदे असोत की नवी गीते, पाहणे तेच राहते. माझी विनंती आहे की हे काम मंडळीला परत द्या, आणि ते दर रविवारी प्रभूच्या मेजाभोवती, म्हणजे प्रभुभोजनाच्या भाकरी-प्याल्याभोवती, द्या.

सर्वांत स्पष्ट नोंद जस्टिनची आहे. हा आजच्या नाब्लुसचा, तत्त्वज्ञान शिकलेला, पुढे रोममध्ये शिक्षक झालेला माणूस. इ. स. 155 च्या सुमारास त्याने सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बचावाचे एक निवेदन लिहिले. ख्रिस्ती लोक चोरून जमतात आणि भलतेसलते करतात असा बोभाटा होता. म्हणून त्याने काही न लपवता सांगून टाकले की आम्ही रविवारी असे असे करतो. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख, वेळ असेल तितका वेळ, वाचले जातात. वाचक थांबला की अध्यक्ष बोध करतो. मग सगळे उठून उभे राहतात आणि प्रार्थना करतात. मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते. अध्यक्ष आपल्या शक्तीप्रमाणे उपकारस्तुती करतो आणि लोक आमेन म्हणून तिला मान्यता देतात. भाकर आणि प्याला सर्वांना वाटला जातो, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे नेमलेले सेवक, तो घेऊन जातात. ज्यांना ऐपत आहे ते स्वेच्छेने देतात. ते अध्यक्षाजवळ जमा होते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची सोय केली जाते.

रोममध्ये 1800 हून अधिक वर्षांपूर्वी असा रविवार होता, आणि पुढे सुमारे दहा वर्षांनी जस्टिनला त्याच शहरात विश्वासासाठी मारले गेले. हे वर्णन पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि त्याशेजारी आपला रविवार ठेवा. आपल्याकडे वाचन आहे, पण बहुतेकदा पाच-सहा वचनांचे. बोध आहे, तो मात्र चांगला लांब. सर्वांची प्रार्थना बहुतेक ठिकाणी एकाच्याच तोंडची झाली आहे. मेज महिन्यातून एकदा, काही ठिकाणी त्याहूनही कमी. गैरहजर माणसाच्या घरी कोणी भाकर घेऊन जात नाही, त्याला उपासनेची लिंक पाठवली जाते. आणि अर्पणाची थैली फिरते तेव्हा ते पैसे कोणत्या विधवेकडे किंवा कोणत्या आजाऱ्याकडे जाणार आहेत हे आपल्यापैकी फारच थोड्यांना सांगता येईल.

जस्टिनच्याही आधीची एक नोंद आहे, आणि ती शत्रूपक्षाची आहे. इ. स. 112 च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात, बिथुनिया-पंत प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारले की या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय. चौकशीत त्याला कळले ते असे. ठरलेल्या दिवशी ते उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र आळीपाळीने म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, कोणाची ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेतात, आणि नंतर पुन्हा जमून साधे जेवण घेतात. याची खात्री करण्यासाठी त्याने दोन बायकांचा छळ केला. त्या दोघी गुलाम होत्या आणि त्यांच्या मंडळीत त्या सेविका होत्या, म्हणजे डीकनचे काम त्यांच्याकडे होते. रोमच्या कायद्यात ज्यांना माणूस म्हणून जागा नव्हती, त्या दोघी उपासनेत काम करणाऱ्या होत्या. आपल्या उपासना समित्यांत किती बायका आहेत, आणि ज्या आहेत त्यांच्याकडे फुले आणि चहा याखेरीज काय सोपवलेले आहे, हा प्रश्न मी इथे विचारून पुढे जाते.

आता मेजाविषयी, कारण मला खरे बोलायचे आहे ते याचविषयी.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन हीच आपली जुनी, साधी, बायबलप्रमाणेची रीत आहे असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. ती तशी नाही. प्रेषितांची कृत्ये दुसऱ्या अध्यायात शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना या चार गोष्टी एका दमात येतात. विसाव्या अध्यायात त्रोवस येथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी लोक जमले ते भाकर मोडण्यासाठीच. पौलाचे लांबलेले भाषण हे त्या प्रसंगाचे कारण नव्हते. मग दर आठवड्याचे मेज कमी कधी झाले? चौथ्या शतकात मंडळीला राजाश्रय मिळाला, गर्दी वाढली, आणि मेजाविषयीची भीतीही वाढली. लोक उपासनेला येत, पण भाकर न घेता परत जात. योहान क्रिसोस्तम या नावाजलेल्या उपदेशकाने त्या काळी संदेशांतून यावर कळवळून तक्रार केली आहे की मेज मांडलेले आहे आणि घ्यायला कोणी येत नाही. 1215 साली लॅटरन परिषदेला नियम करावा लागला की निदान वर्षातून एकदा तरी प्रत्येकाने भाकर घ्यावी. इतके ते विरळ झाले होते.

धर्मसुधारणेच्या काळात हे बदलायला हवे होते. झुरिकमध्ये 1525 साली झ्विंग्ली या सुधारकाने नवी पद्धत आणली तेव्हा वर्षातून चार वेळा प्रभुभोजन ठेवले, आणि वर्षातून एकदा घेणाऱ्या लोकांसाठी ती वाढच होती. जिनिव्हाचा सुधारक कॅल्विन याचे मत निराळे होते. मेज निदान आठवड्यातून एकदा मांडले जावे असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. पण 1541 साली जिनिव्हाच्या नगरसभेने त्याचे ऐकले नाही आणि चार वेळांवरच ठेवले. दोनशे वर्षांनी मेथडिस्ट चळवळीचा पुढारी जॉन वेस्ली यानेही शक्य तितक्या वेळा प्रभुभोजन घेणे हे कर्तव्य आहे असा संदेश लिहिला. आपल्याकडे 1813 साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले, 1831 साली ते अहमदनगरला गेले, आणि मिशनऱ्यांबरोबर त्यांच्या देशातली कमी वेळा मेज मांडण्याची सवयही आली. शिवाय खेडी पुष्कळ आणि अभिषिक्त पाळक मोजके. पाळक गावात येईल तेव्हा प्रभुभोजन, अशी रीत पडली. अडचणीतून आलेली सवय आपण परंपरा मानून जपत आलो, आणि कॅल्विन आणि वेस्ली या ज्या दोघांच्या वारशाचा आपण अभिमान सांगतो, ते दोघेही या बाबतीत आपल्या विरुद्ध उभे आहेत.

यावर नेहमी एक आक्षेप येतो की दर रविवारी घेतले तर त्याचे महत्त्व कमी होईल. हा आक्षेप मनापासूनच घेतला जातो, त्यामागे मेजाविषयीचा आदर आहे हे मला ठाऊक आहे. पण संदेश दर रविवारी होतो, प्रभूची प्रार्थना दर रविवारी म्हटली जाते, अर्पण तर कधीच चुकत नाही. यांपैकी कशाचे महत्त्व कमी होईल म्हणून महिन्यातून एकदा करा, असे कोणी सुचवलेले मी ऐकले नाही.

मराठी मंडळीने मेजाचा आग्रह धरावा याला आणखी एक कारण आहे, आणि ते फक्त आपले आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे पणजे-खापरपणजे गावकुसाबाहेरून आले. ज्या गावात त्यांना पाणवठ्यावर घागर बुडवता येत नव्हती, ज्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जात होते, त्याच गावातल्या ख्रिस्ती देवळात त्यांनी ब्राह्मणातून आणि मराठ्यातून ख्रिस्ती झालेल्या माणसांबरोबर एका प्याल्याला ओठ लावले. त्या काळी संदेश ऐकायला कोणीही मागे उभे राहू शकत होते, गीतही दुरून ऐकू येत होते. एका प्याल्यातून पिणे मात्र दुरून होत नाही. करिंथमध्ये श्रीमंतांनी आधी खाऊन घेतले आणि गरीब उपाशी राहिले, तेव्हा पौलाने लिहिले की तुम्ही खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. आजही आपल्या मंडळ्यांत लग्ने जुळवताना जुन्या जातीची चौकशी होते. अशा समाजाला दर आठवड्याला एका मेजाशी येण्याची गरज आहे, आणि आपण ते मेज महिन्यातून एकदा, उपासनेच्या शेवटी, घाईघाईत उरकतो.

पाळक कमी आहेत ही अडचण खरी आहे. एका पाळकाकडे पाच-सात गावे असतात. यावर जस्टिनच्याच वर्णनात एक वाट आहे. मुख्य मंडळीत उपकारस्तुती झाली की डीकन ती भाकर गैरहजरांकडे नेत. आपल्या बिशपांनी आणि डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या, परिषदांनी याचा विचार करावा. शिकवून तयार केलेल्या डीकनांनी, त्यांत बायकाही असाव्यात, त्याच रविवारी मुख्य मंडळीच्या मेजावरची भाकर वाडीवस्तीवरच्या मंडळीकडे आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे न्यावी. कोणाला अभिषेकाची मर्यादा ओलांडल्यासारखे वाटेल, पण इथे अध्यक्षाचे काम कोणी दुसरा करत नाही. त्याच्या मेजाचा हात लांबतो एवढेच.

मेज आले की प्रार्थना बदलावी लागते. डिडाखे नावाचे एक छोटे जुने पुस्तक आहे. बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचे मानतात. शतकानुशतके ते हरवलेले होते. 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथेओस ब्रियेनिओस यांना त्याची हस्तलिखित प्रत सापडली आणि 1883 साली ती छापली गेली. त्यात मेजावरची एक प्रार्थना आहे. तिचा आशय असा की ही मोडलेली भाकर डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून तुझ्या राज्यात गोळा होवो. जोंधळ्याच्या कणसांपासून भाकरीपर्यंतचा सगळा रस्ता ज्यांच्या हातांनी चाललेला आहे, त्या लोकांना ही प्रार्थना समजावून सांगावी लागणार नाही. ती मराठीत, ओवीत का बांधली जाऊ नये? त्याच पुस्तकात असेही आहे की ज्याचे शेजाऱ्याशी भांडण आहे त्याने आधी समेट करावा, मग मेजाशी यावे.

शांतीची भेट ही त्यासाठीच होती. प्रार्थना संपली की एकमेकांना चुंबनाने अभिवादन करायचे, असे जस्टिन सांगतो. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौलही तेच सांगतो. पुढे ही प्रथा लोकांतून जवळजवळ नाहीशी झाली आणि पाळकांपुरती उरली. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ती पुन्हा जागी करण्यात भारताचा मोठा वाटा आहे. 1947 साली दक्षिण भारताची मंडळी एक झाली आणि 1950 साली तिने प्रभुभोजनाची नवी उपासनापद्धती तयार केली. त्यात केरळच्या सुरियानी (सिरियन) मंडळ्यांतली हातातून हातात शांती देण्याची पद्धत घेतली. मेजावरून निघालेली शांती ओळीने प्रत्येकापर्यंत पोचते. जगभरच्या उपासनापद्धती सुधारणाऱ्यांनी तिकडे लक्ष दिले आणि पुढे ती अनेक देशांत गेली. आपल्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणी शांतीची भेट म्हणजे शेजारच्या दोघांशी हात मिळवून खाली बसणे. ज्याच्याशी गेले वर्षभर बोलणे बंद आहे तो तीन बाकांपलीकडे असतो. त्याच्यापर्यंत चालत जायला उपासनेत वेळ ठेवा. पाच मिनिटे लागतील. ती संदेशातून घ्या.

आमेनविषयी थोडेसे. बायबलचा जुना भाषांतरकार जेरोम याने लिहून ठेवले आहे की रोमच्या देवळांत लोकांचे आमेन आकाशातल्या गडगडाटासारखे घुमत असे. आपल्याकडे ते ऐकू येत नाही, कारण प्रार्थना संपण्यापूर्वीच कीबोर्ड सुरू होतो. गायनवृंदातल्या मुलामुलींनो, तुमच्याविषयी मला माया आहे. तुम्ही आठवडाभर सराव करता, सामान उचलता, सगळ्यांच्या आधी येता. पण आवाज एवढा ठेवा की शेजारी बसलेल्या म्हातारीचे गाणे मला ऐकू यावे. कलस्सैकरांस पत्रात स्तोत्रे, गीते आणि आत्मिक गायने यांनी एकमेकांस शिकवा असे आहे. ज्याचा आवाज ऐकू येत नाही त्याच्याकडून मी काय शिकणार?

नवी गीते नकोत असे मी अजिबात म्हणत नाही. प्राचीन मंडळीचा दाखला घेऊन नव्या गीतांना विरोध करणाऱ्यांनी 386 सालचे मिलान आठवावे. राजमाता युस्तिना हिला एक देऊळ ख्रिस्ताला पूर्ण देव न मानणाऱ्या एरियसच्या पंथासाठी हवे होते. बिशप अँब्रोस आणि लोक ते सोडायला तयार नव्हते आणि रात्रंदिवस देवळात जागत होते. लोक दुःखाने खचून जाऊ नयेत म्हणून तेव्हा पूर्वेकडच्या रीतीने स्तोत्रे आणि गीते गायला सुरुवात झाली, असे ऑगस्टीन सांगतो. अँब्रोसने स्वतः गीते रचली, सोप्या वृत्तात, सगळ्यांना म्हणता येतील अशी. त्याच्या थोडे आधी एफ्राइम सुरियानी भाषेत गीते रचून बायकांच्या गायनवृंदाकडून गाऊन घेत होता. लोकांच्या भाषेत, लोकांच्या चालीवर, खोल शिकवण भरलेले गीत रचणे हीच प्राचीन परंपरा आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगात आणि पदांत तेच केले. कृष्णा रत्नाजी सांगळ्यांनी कीर्तनातून तेच केले. टिळकांचे अभंग ही जुनी वस्तू म्हणून सांभाळायची नसून ते काम पुढे चालवायचे आहे. अडचण एवढीच आहे की आजची बरीच नवी गीते इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत येतात, आणि त्यांत 'मी' आणि 'मला' याशिवाय फारसे कोणी नसते. स्तोत्रसंहिता मात्र जवळजवळ कोठेच गायली जात नाही. आरंभीच्या मंडळीचे गायनपुस्तक तीच होती. 150 स्तोत्रांत राग आहे, शरम आहे, दुष्काळ आहे, सूडाची इच्छाही आहे. ज्या घरात कर्जापायी माणूस गेला आहे, त्या घरातल्या बाईला रविवारी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र, अंधारातच संपणारे, मिळाले पाहिजे. आनंदाची चार गीते देऊन तिला गप्प बसवू नये.

वाचनाविषयी एक गोष्ट सांगते. तिसऱ्या शतकाच्या मध्यात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने ऑरेलियस आणि सेलेरिनस या दोघांना वाचक नेमले. दोघांनीही छळ सोसून विश्वास सोडला नव्हता. सिप्रियनचे म्हणणे असे की ज्या तोंडाने प्रभूला कबूल केले त्याच तोंडाने शुभवर्तमान वाचले जावे. वाचन हा तेव्हा एवढा मोठा मान होता. आपल्याकडे उपासना सुरू होण्याच्या दोन मिनिटे आधी दारात जो भेटेल त्याला चिठ्ठी दिली जाते. जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान, असे चार पाठ दर रविवारी पूर्ण वाचले जावेत, आणि वाचणाऱ्याला ते आठवडाभर आधी मिळावेत. आपल्या बहुतेक मंडळ्यांच्या पंचांगात पाठ नेमून दिलेले आहेतच. ते फक्त वापरायचे आहेत.

आणि आता गरिबांचा वाटा. इ. स. 303, मे महिन्याची 19 तारीख. उत्तर आफ्रिकेतले किर्ता शहर, म्हणजे आजच्या अल्जीरियातले कॉन्स्टँटाईन. सम्राट डायोक्लेशनच्या हुकमाने अधिकारी ख्रिस्ती लोक जमत असलेल्या घरात शिरले आणि कारकुनाने जप्तीची यादी लिहिली. ती यादी पुढे एका खटल्यात पुरावा म्हणून आली, म्हणून टिकली. सोन्याचे 2 प्याले, चांदीचे 6 प्याले, दिवे. आणि त्यानंतर: बायकांचे 82 झगे, डोक्यावरून घेण्याची 38 वस्त्रे, पुरुषांचे 16 झगे, पुरुषांच्या पायताणांचे 13 जोड, बायकांच्या पायताणांचे 47 जोड. मेज आणि कपड्यांचे कोठार एकाच घरात होते, एकाच यादीत होते. बायकांचे कपडे इतके जास्त का, हे विचारायला नको. विधवा तिथे येत होत्या. मंडळीच्या हिशेबाची वही एखाद्या परक्या कारकुनाने लिहिली तर त्यात आपल्या देवळातून काय निघेल? ध्वनिक्षेपक, प्रोजेक्टर, खुर्च्या, गालिचा. निघू द्या, ते लागते. पण पायताणेही निघावीत.

आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या सणाला लोक धान्य, भाजी, कोंबड्या, अंडी घेऊन येतात. तो दिवस मला सगळ्या वर्षात प्राचीन मंडळीच्या सर्वांत जवळचा वाटतो. नंतर त्या मालाचा लिलाव होतो आणि पैसे निधीत जातात. लिलाव करा, पण निदान अर्धा माल त्याच दिवशी, नावे ठरवून, गरजू घरांत पोचवा, मग ते घर ख्रिस्ती असो की नसो. आणि हे वर्षातून एकदाच का? महिन्यातून एकदा तरी लोकांनी घरून शिधा आणून भाकर आणि प्याल्याबरोबर पुढे ठेवावा.

सण आणि दिवसाच्या वेळा याविषयी थोडक्यात लिहिते, कारण इथे आपल्याजवळ पुष्कळ आहे. ईस्टरची प्रभातफेरी आपली आहे, कबरस्थानातली पहाटेची उपासना आपली आहे. तिच्या आधीच्या रात्री उत्पत्तीची कथा, तांबडा समुद्र, यहेज्केलची वाळलेली हाडे हे पाठ अंधारात वाचून मग बाहेर पडावे. आरंभीच्या मंडळ्या ती रात्र अशीच जागत आणि त्याच रात्री बाप्तिस्मा देत. संध्याकाळच्या दिव्याचे एक ग्रीक गीत चौथ्या शतकात बिशप बासिलच्या काळीच इतके जुने झाले होते की ते कोणी रचले हे त्यालाही माहीत नव्हते. ख्रिस्ताला आनंदी प्रकाश म्हणणारे ते गीत दिवेलागणीच्या वेळी घरोघरी होणाऱ्या आपल्या प्रार्थनेत सहज बसेल. लहान मुलांनाही काम द्या. एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई 380 च्या दशकात यरुशलेमेत होती. ती लिहिते की संध्याकाळच्या उपासनेत डीकन एकेकाचे नाव घेई आणि प्रत्येक नावाला तिथे उभी असलेली मुले 'किरिये इलेइसोन', प्रभू दया कर, असे म्हणत. त्यांचे आवाज मोजता येऊ नयेत इतके असत. तिथेच वाचन ग्रीकमध्ये होई आणि मंडळीतला एक वडील ते तिथल्या सुरियानी भाषेत सांगे, शिवाय ज्यांना फक्त लॅटिन येई त्यांनाही समजावून सांगितले जाई. पुण्या-मुंबईत ज्या मंडळ्यांत मराठी, हिंदी, कोकणी आणि तमीळ घरची मुले एकत्र येतात, त्यांनी यातून धीर घ्यावा.

एका धोक्याविषयी मात्र बोलले पाहिजे. प्राचीन म्हणजे सगळे चांगले, असे धरून चालणारेही काही भेटतात. त्यांना धूप हवा, झगे हवेत, ग्रीक शब्द हवेत, मेणबत्त्यांच्या प्रकाशातले फोटो हवेत. आरंभीची मंडळी एकसारखी नव्हती. रोमची रीत वेगळी, सुरियाची वेगळी, आफ्रिकेची वेगळी. करिंथमध्ये तर मेजावरच लोक दारू पिऊन तर्र होते. आपण उचलू नयेत अशा गोष्टीही तेव्हा होत्या, स्त्री-पुरुषांना वेगळे बसवण्यापासून ते छळाला घाबरून मागे हटलेल्यांना वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवण्यापर्यंत. युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातले एक घर सापडले आहे. त्याची भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली होती, सत्तरएक माणसे बसतील एवढी. एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड होते आणि त्यावर मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ रंगवलेला होता. बाहेरून ते गल्लीतल्या इतर घरांसारखेच घर होते. आपल्याला त्या लोकांसारखे दिसायचे नाही. त्यांनी जे केले ते आपल्या घरात, आपल्या भाषेत करायचे आहे. आपल्या शेजारच्या कॅथलिक बंधुभगिनींनी 1963 च्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानंतर लोकांच्या भाषेतली मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, आणि लोकांच्या विनंत्यांची प्रार्थना परत आणली, ती जुन्या नोंदी वाचूनच. वसईत आज ती मराठीत होते. 1970 साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी एक झाली तेव्हा वेगवेगळ्या मंडळ्यांनी आपापल्या सवयी बाजूला ठेवण्याचे धाडस दाखवले होते. तेवढे धाडस आता उपासनेपुरते पुरे आहे.

म्हणून ही विनंती. येत्या आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून पुनरुत्थानदिनापर्यंत, ज्या मंडळीत अभिषिक्त पाळक राहतो तिथे दर रविवारी मेज मांडा. संदेश वीस मिनिटांवर आणा. चार पाठ वाचा. मध्यस्थीची प्रार्थना दर आठवड्याला वेगळ्या कुटुंबाकडे द्या, आणि तिच्यात आजाऱ्यांची, बेकारांची, तुरुंगातल्यांची नावे येऊ द्या. भाकर बाजारातून आणू नका, ती मंडळीतल्या घरी पाळीपाळीने भाजली जावी. उपासना संपली की दोन डीकन आणि दोन तरुण, गायनवृंदातलेच, अंथरुणावरच्या माणसांकडे ती भाकर घेऊन जावेत. ईस्टरनंतर मंडळीची सर्वसाधारण सभा बोलवा आणि लोकांना विचारा. त्यात पहिला शब्द त्यांना बोलू द्या ज्यांच्या घरी भाकर पोचली.

ख्रिस्तात आपली,
पुण्यातल्या एका मराठी मंडळीची सभासद